सप्टेंबरचा फळा: अमेरिकन टीव्ही नेटवर्कचे नव्या हंगामाचे वेळापत्रक कसे ठरते

२२ सप्टेंबर १९९४ हा गुरुवार होता. त्या रात्री साडेआठ वाजता अमेरिकेतल्या एनबीसी या नेटवर्कवर 'फ्रेंड्स' नावाच्या एका कोऱ्या मालिकेचा पहिला भाग लागला. पुढे ही मालिका आपल्याकडेही पोचली. तिचे संवाद तोंडपाठ असलेली एक पिढीच पुण्या-मुंबईत आहे, आणि मालिका का चालली असे त्या पिढीला विचारले, तर लेखन, विनोद आणि सहा कलाकारांची जमलेली भट्टी अशीच कारणे ऐकायला मिळतील. ती खरीच आहेत, पण आणखी एक कारण आहे आणि ते पडद्यावर दिसत नाही. त्याच रात्री आठ वाजता 'मॅड अबाउट यू' ही जम बसलेली मालिका होती आणि नऊ वाजता 'साइनफेल्ड' ही त्या काळातल्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एक होती. प्रेक्षकांना फारशा परिचित नसलेल्या मंडळींच्या या नव्या मालिकेला अशा दोन भक्कम शेजाऱ्यांच्या मधली अर्ध्या तासाची जागा मिळाली होती. ती जागा योगायोगाने मिळालेली नव्हती. कोणीतरी महिनोन्महिने विचार करून, दुसऱ्या दहा मालिकांना नाकारून, ती तिला दिली होती.

अमेरिकन नेटवर्के दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर करतात. त्यालाच तिकडे 'फॉल शेड्यूल' म्हणतात. वरवर पाहिले तर तो सात वारांचा एक साधा तक्ता असतो, आणि आपण रेल्वेचे वेळापत्रक वाचावे तसा तो वाचला जातो. मला मात्र तो तक्ता नेहमी बुद्धिबळाच्या पटासारखा वाटत आला आहे, कारण त्यातली एकही चौकट एकटी नसते. प्रत्येक मालिकेचे नशीब तिच्या आधी काय लागते, नंतर काय लागते आणि त्याच वेळी दुसऱ्या नेटवर्कवर काय चालू असते यांच्याशी बांधलेले असते.

आधी हे वर्ष सप्टेंबरातच का सुरू होते ते पाहू. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत 'लेबर डे'ची सुट्टी असते. तिच्या आगेमागे शाळा सुरू होतात, उन्हाळ्यातले प्रवास संपतात, दिवस लहान होऊ लागतात आणि संध्याकाळी माणसे घरात येतात. उन्हाळ्यात प्रेक्षक पांगलेला असतो, म्हणून त्या महिन्यांत जुने भाग पुन्हा दाखवायचे आणि ताजा माल शरद ऋतूसाठी राखून ठेवायचा, ही पद्धत रेडिओच्या जमान्यापासून चालत आली. शिवाय मोटारकंपन्या आपली नव्या वर्षाची मॉडेले परंपरेने शरदातच बाजारात आणत आणि मोटारकंपन्या म्हणजे टीव्हीचे मोठे जाहिरातदार. नव्या गाड्यांच्या जाहिरातींना नव्या मालिकांची सोबत मिळाली आणि सप्टेंबर ते मे हा टीव्हीचा हंगाम पक्का झाला.

इथे 'नेटवर्क' म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडच्या वाहिनीपेक्षा ती गोष्ट वेगळी आहे. एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स ही नेटवर्के देशभर पसरलेल्या स्थानिक केंद्रांमार्फत घराघरांत पोचतात. त्यांपैकी काही केंद्रे नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीची असतात, पण बहुसंख्य केंद्रे दुसऱ्या कंपन्यांची असून ती कराराने नेटवर्कशी जोडलेली असतात. बॉस्टनचे केंद्र बॉस्टनच्या बातम्या स्वतः तयार करते, त्यांच्या जाहिराती स्वतः विकते आणि ठरलेल्या तासांत नेटवर्कचे कार्यक्रम दाखवते. हे ठरलेले तासही मोजके असतात. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी यांच्याकडे सोमवार ते शनिवार रोज रात्री ८ ते ११ असे तीन तास आणि रविवारी ७ ते ११ असे चार तास, म्हणजे आठवड्याला २२ तास असतात. फॉक्स रात्री १० वाजताच थांबते, त्यामुळे त्याच्या वाट्याला १५ तास येतात. शनिवारची रात्र बहुतेक फुटबॉल आणि पुनःप्रक्षेपणांनाच दिलेली असल्यामुळे खरी लढाई उरलेल्या सहा रात्रींची असते.

त्यात देशाचे टाइम झोन वेगवेगळे. अमेरिकेतल्या मालिकांच्या जाहिरातींत वेळ म्हणून नुसते '८/७ सेंट्रल' असे लिहिलेले असते. न्यू जर्सीहून ह्यूस्टनला राहायला गेलेल्या माझ्या मावसबहिणीला पहिला आठवडाभर याचा उलगडा होईना. न्यूयॉर्कला ८ वाजता लागणारा कार्यक्रम त्याच क्षणी शिकागो आणि ह्यूस्टनलाही लागतो, पण तिथल्या घड्याळात तेव्हा ७ वाजलेले असतात. पश्चिम किनाऱ्यावर मात्र तोच कार्यक्रम तीन तास राखून ठेवून तिथल्या ८ वाजता दाखवतात. म्हणून कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबे आणि न्यू जर्सीतली मराठी कुटुंबे एकच मालिका आपापल्या घड्याळाने एकाच वेळी पाहतात, टेक्साससारख्या मधल्या राज्यांत राहणारे मात्र स्वयंपाक उरकायच्या आतच टीव्हीसमोर बसतात. त्यांच्या स्थानिक बातम्याही ११ ऐवजी १० वाजता लागतात. ही बातम्यांची वेळ लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता फळ्यावर येणाऱ्या मालिका येतात कुठून? रूढ पद्धत अशी. उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला लेखक-निर्माते नेटवर्कच्या अधिकाऱ्यांना तोंडी कल्पना ऐकवतात. त्यांतल्या काहींच्या संहिता लिहून घेतल्या जातात. जानेवारीच्या सुमारास त्यांतून थोड्या निवडून प्रत्येकीचा एकेक नमुना भाग चित्रित करायला सांगतात, तो म्हणजे 'पायलट'. मार्च-एप्रिलमध्ये हे पायलट घाईघाईने तयार होतात, आणि मेच्या सुरुवातीला नेटवर्कची मंडळी ते एकामागून एक पाहतात. लाखो डॉलर खर्चून केलेले बहुतेक पायलट तिथेच संपतात आणि प्रेक्षकांना कधी दिसतही नाहीत. उरलेल्या मूठभर मालिकांना वेळापत्रकात जागा मिळते. अलीकडच्या वर्षांत ही चाकोरी बरीच सैल झाली आहे. पायलट न करताच थेट पूर्ण मालिकेची मागणी नोंदवणे किंवा वर्षभर केव्हाही निवड करणे हे आता नेहमीचे झाले आहे. तरीही मे महिन्याचे महत्त्व टिकून आहे, आणि त्याचे कारण पैसा आहे.

मेच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये मोठ्या सभागृहांत 'अपफ्रंट' नावाचे समारंभ होतात. नेटवर्कचे प्रमुख मंचावर येतात, कलाकार येतात, नव्या मालिकांची झलक दाखवतात आणि वेळापत्रक जाहीर होते. हा सोहळा दिसायला प्रेक्षकांसाठी असला, तरी समोर बसलेले लोक जाहिरात-संस्थांचे असतात. हंगाम सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधीच त्यातल्या जाहिरातींच्या वेळेचा मोठा हिस्सा त्यांना विकला जातो, म्हणून त्या विक्रीला 'अपफ्रंट' म्हणजे आगाऊ असे नाव पडले. उरलेला हिस्सा हंगाम चालू असताना, बाजारभाव पाहून, थोडाथोडा विकतात. आगाऊ विकताना नेटवर्क अमुक इतके प्रेक्षक मिळतील अशी हमी देते. तेवढे मिळाले नाहीत, तर जाहिरातदाराला तुटीच्या प्रमाणात जादा जाहिराती फुकट दाखवाव्या लागतात. थोडक्यात, मे महिन्यातल्या त्या तक्त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे नेटवर्कने दिलेला शब्द असतो आणि तो खोटा ठरला तर खिशाला चाट बसते. वेळापत्रक आखणाऱ्यांना रात्रीची झोप का लागत नसावी, हे यावरून कळते.

त्यांच्या खोलीत एक मोठा फळा असतो. उभ्या रकान्यांत वार, आडव्या ओळींत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा आणि त्यावर मालिकांच्या नावांच्या हलवता येणाऱ्या पट्ट्या. स्वतःच्या नेटवर्कसोबत प्रतिस्पर्ध्यांच्याही पट्ट्या तिथे लावलेल्या असतात. एक पट्टी मंगळवारवरून बुधवारवर सरकवली की दोन्ही रात्रींची घडी विस्कटते आणि डाव पुन्हा मांडावा लागतो.

हा डाव मांडण्याचे काही नियम अनुभवातून तयार झाले. सगळ्यांच्या मुळाशी माणसाचा एक साधा स्वभाव आहे. एक कार्यक्रम संपला की माणूस लगेच उठत नाही आणि रिमोटही लगेच उचलत नाही. पुढचे काय लागते ते थोडा वेळ पाहतो. म्हणून लोकप्रिय मालिकेच्या पाठोपाठ लागणाऱ्या मालिकेला आयता प्रेक्षक मिळतो. या आधीच्या कार्यक्रमाला 'लीड-इन' म्हणतात. याच्या पुढची युक्ती म्हणजे नव्या मालिकेला दोन जम बसलेल्या मालिकांच्या मध्ये ठेवायचे, दोन झाडांना बांधलेल्या झोळीत मूल निजवावे तसे. तिकडेही या युक्तीला झोळीवरूनच 'हॅमॉक' असे नाव आहे. पहिल्या मालिकेसाठी बसलेला प्रेक्षक तिसरीसाठी थांबणारच असतो, मग मधला अर्धा तास तो कुठे जाणार? १९९४ मध्ये 'फ्रेंड्स'ला मिळाली ती हीच झोळी. याच्या उलट युक्ती खांबाची. हाताशी एकच जोरदार मालिका असेल, तर तिला मध्यभागी तंबूच्या खांबासारखी उभी करायची आणि तिच्या आधी व नंतर अशा दोन दुबळ्या मालिका तिच्या आधाराने तोलून धरायच्या.

एनबीसीचा गुरुवार कसा उभा राहिला ते पाहिले की हे सारे डोळ्यांसमोर येते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नेटवर्क तिघांत तिसरे होते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'चीअर्स' या मालिकेची गणती पहिल्या वर्षी तळाजवळच्या मालिकांत होत होती. एनबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरीही ती बंद केली नाही. मग २० सप्टेंबर १९८४ रोजी गुरुवारी आठ वाजता 'द कॉस्बी शो' सुरू झाला. त्याची कल्पना एबीसीने आधी नाकारली होती. त्या गुरुवारची रांग अशी होती: 'द कॉस्बी शो', मग 'फॅमिली टाइज', 'चीअर्स', 'नाइट कोर्ट' आणि दहा वाजता 'हिल स्ट्रीट ब्लूज'. आठच्या मालिकेने घराघरांतून खेचून आणलेला प्रेक्षक हाताला हात लागून दहापर्यंत जाऊ लागला, फिकट पडलेल्या मालिका वर आल्या आणि १९८५-८६ च्या हंगामात एनबीसी पहिल्या क्रमांकावर पोचले. 'चीअर्स'चा एक शब्दही बदललेला नव्हता. बदलले होते ते शेजार.

पुढे तर या गुरुवारी अक्षरशः विरजण लावण्यासारखी प्रक्रिया चालली. 'साइनफेल्ड' १९८९ पासून अधूनमधून दिसत होती, पण तिचा जोर म्हणावा तसा नव्हता. १९९३ च्या फेब्रुवारीत तिला 'चीअर्स'च्या पाठोपाठ साडेनऊला आणले आणि तिचा प्रेक्षक झपाट्याने वाढला. मेमध्ये 'चीअर्स' संपली, तेव्हा 'साइनफेल्ड' नऊच्या जागेवर बसली आणि तिच्या मागे 'फ्रेझर' ही नवी मालिका लागली. वर्षभरात 'फ्रेझर'ला तिच्या पायांवर उभी राहिल्यासारखी मानून मंगळवारी पाठवले, आणि गुरुवारच्या मोकळ्या जागी पुढची पिढी आली. जुन्या भांड्यातले चमचाभर दही नव्या दुधात घालावे, ते लागले की त्यातले चमचाभर पुढच्या भांड्यात. एका मालिकेची लोकप्रियता दुसरीला अशी लावता येते, हे त्या नेटवर्कने जितक्या चिकाटीने करून दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल.

मात्र विरजण लावले तरी दूध चांगले लागतेच. त्याच १९९४ च्या गुरुवारी, 'साइनफेल्ड'च्या लगेच मागे, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत हेवा वाटावा अशा साडेनऊच्या जागी 'मॅडमन ऑफ द पीपल' नावाची मालिका होती. ती एका हंगामापलीकडे गेली नाही. आज तिचे नाव किती जणांना आठवते? प्रेक्षक आणून देणे वेळापत्रकाच्या हातात असते, त्याला धरून ठेवणे मात्र मालिकेलाच जमावे लागते. म्हणूनच एखादी मालिका लीड-इनचा किती प्रेक्षक टिकवते आणि किती गमावते, याकडे नेटवर्कचे बारीक लक्ष असते.

आपल्या पट्ट्या कितीही नीट लावल्या तरी समोरच्याच्या पट्ट्या आपल्या हातात नसतात. त्याच सप्टेंबर १९९४ मध्ये सीबीएसने 'शिकागो होप' ही रुग्णालयावरची नवी मालिका गुरुवारी दहा वाजता ठेवली, आणि एनबीसीने नेमकी त्याच वेळी 'ईआर' ही रुग्णालयावरचीच नवी मालिका आणली. दोन्हींत शिकागोचे डॉक्टर, दोन्ही नव्या आणि दोन्ही एकाच तासाला. 'ईआर'च्या पाठीशी गुरुवारची अख्खी रांग होती आणि ती मालिकाही विलक्षण वेगवान होती. थोड्याच महिन्यांत सीबीएसला 'शिकागो होप' सोमवारी हलवावी लागली. तिथे ती व्यवस्थित रुजली आणि सहा हंगाम चालली. कथा तीच आणि कलाकारही तेच असताना नुसता वार बदलल्याने मालिका जगली.

याहून नाट्यमय प्रसंग मे २००६ मधला आहे. अपफ्रंटच्या आठवड्यात एनबीसीचा क्रमांक सुरुवातीलाच लागतो. त्या वर्षी त्यांनी 'स्टुडिओ ६० ऑन द सनसेट स्ट्रिप' या नव्या, महागड्या मालिकेला गुरुवारी नऊची जागा जाहीर केली. तिथे सीबीएसची 'सीएसआय' होतीच. दुसऱ्याच दिवशी एबीसीने आपली रविवारची तुफान चाललेली 'ग्रेज अॅनाटॉमी' उचलून नेमकी गुरुवारी नऊला टाकली. नवी मालिका अशा दोन जात्यांत भरडून निघणार हे उघड होते. त्यामुळे एनबीसीने काही दिवसांतच जाहीर केलेले वेळापत्रक मागे घेऊन नवे काढले, 'स्टुडिओ ६०' सोमवारी दहाला नेली आणि गुरुवारच्या त्या जागी 'डील ऑर नो डील' हा खेळ ठेवला. मालिका तरीही एकाच हंगामात आटोपली, पण मेमधला तक्ता कसा परस्परांकडे पाहत आखला जातो, हे यातून स्पष्ट होते.

सगळ्यांची धडपड गुरुवारसाठी का, हाही प्रश्न पडेल. अमेरिकेत चित्रपट शुक्रवारी प्रदर्शित होतात आणि मोठी खरेदी शनिवार-रविवारी होते. चित्रपट-कंपन्या, मोटारविक्रेते, दुकानांच्या साखळ्या या सर्वांना ग्राहक घराबाहेर पडण्याच्या आदल्या रात्री त्याच्या कानावर जायचे असते. त्यामुळे गुरुवारच्या सेकंदांचा भाव चढा राहत आला. त्यात जाहिरातदारांचे लक्ष सगळ्या प्रेक्षकांवर नसून प्रामुख्याने १८ ते ४९ या वयोगटावर असते. एखाद्या मालिकेला एकूण प्रेक्षक भरपूर असले तरी ते बहुतांशी साठीच्या पुढचे असतील, तर ती बंद पडू शकते. ज्येष्ठ प्रेक्षकांवर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, कारण टीव्हीशी सर्वांत इमानी राहिलेला वर्ग तोच आहे.

शुक्रवारची गोष्ट याच्या अगदी उलट. त्या रात्री तरुण मंडळी बाहेर असतात, म्हणून हा वार मालिकांचे स्मशान समजला जातो. 'स्टार ट्रेक' या मूळ मालिकेला १९६८ मध्ये तिसऱ्या हंगामासाठी शुक्रवारी रात्री दहाला टाकले आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. २००२ मध्ये फॉक्सने 'फायरफ्लाय' शुक्रवारी दाखवली, तीही भागांचा क्रम उलटापालटा करून, आणि तयार झालेल्या १४ भागांपैकी ११ दाखवून ती थांबवली. तरीही हा नियम अटळ नाही. १९९३ मध्ये फॉक्सवरच 'द एक्स-फाइल्स' शुक्रवारी रुजली, आणि २००० मध्ये 'सीएसआय'चीही सुरुवात शुक्रवारीच झाली होती. अपेक्षा कमी असलेल्या जागेवर नव्या मालिकेला कधीकधी श्वास घ्यायला सवड मिळते.

वार आणि वेळ ठरली तरी काम संपत नाही, कारण गणित जुळत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मेच्या शेवटापर्यंत पस्तीसेक आठवडे होतात आणि एका मालिकेचे भाग रूढीप्रमाणे २२ असतात. उरलेले आठवडे भरायचे कशाने? काही पुनःप्रक्षेपणांनी, काही विशेष कार्यक्रमांनी आणि काही डिसेंबर-जानेवारीतल्या सुट्टीने. ताजे भाग मात्र ठरावीक महिन्यांसाठी राखले जात. नील्सन ही प्रेक्षकसंख्या मोजणारी कंपनी नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै या महिन्यांत देशातल्या लहानमोठ्या सर्व बाजारपेठांचे मोजमाप करत असे. त्या चार काळांना 'स्वीप्स' म्हणतात. त्या आकड्यांवर स्थानिक केंद्रांच्या जाहिरातींचे दर ठरत. साहजिकच लग्ने, अपघात, मृत्यू आणि पाहुणे कलाकार नेमके याच महिन्यांत येत. आपल्याकडच्या 'महाएपिसोड'ची किंवा दोन मालिकांच्या 'महासंगमा'ची ओढ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय फुटबॉल आहे. हे आपले फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. तो खेळ शरदातच रंगतो आणि आज नेटवर्क टीव्हीवर त्याच्याइतका प्रेक्षक दुसऱ्या कशालाही मिळत नाही. एनबीसीची रविवारची रात्र २००६ पासून या सामन्यांना वाहिलेली आहे. २०१४ मध्ये सीबीएसला हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी गुरुवारचे सामने मिळाले, तेव्हा त्यांनी 'द बिग बँग थिअरी' ही आपली हुकमी मालिका तेवढ्यापुरती सोमवारी नेली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गुरुवारी परत आणली. सीबीएसचे रविवारचे वेळापत्रक तर कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे असते. दुपारी सव्वाचारनंतर सुरू झालेला सामना लांबला की सात वाजता लागणारा 'सिक्स्टी मिनिट्स' हा वृत्तकार्यक्रम साडेसातला सुरू होतो आणि त्याच्या मागची सगळी रात्र पुढे ढकलली जाते. माझी ती मावसबहीण अजून न्यू जर्सीत राहत होती, तेव्हा शरदातल्या एका रविवारी मी तिच्या घरी होतो. तिच्या शेजारच्या आजी सातपासून बसून होत्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीची स्टॉपवॉचची ती टिकटिक एकदाची ऐकू आली, तेव्हा त्यांनी शांतपणे चहाचा दुसरा कप ओतून घेतला आणि म्हणाल्या, आमच्याकडे ऑक्टोबरात सात असेच वाजतात.

वेळापत्रकातली चौकट बदलल्याने केवढा हाहाकार होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण २००९ चे आहे. एनबीसीने त्या सप्टेंबरात सोमवार ते शुक्रवार रोज दहा वाजता 'द जे लेनो शो' हा गप्पा आणि विनोदांचा कार्यक्रम ठेवला. हिशेब सरळ होता. दहाच्या वेळी दाखवायच्या नाट्यमय मालिका फार महाग पडत, त्या मानाने हा कार्यक्रम स्वस्त होता आणि आठवड्याच्या २२ तासांपैकी पाच तास एका फटक्यात भरत होते. बॉस्टनच्या संलग्न केंद्राने आधीच, एप्रिलमध्ये, हा कार्यक्रम दाखवायला नकार दिला होता, पण दबावापुढे त्याला माघार घ्यावी लागली. १४ सप्टेंबरला कार्यक्रम सुरू झाला, आणि आपण मघाशी लक्षात ठेवलेली ११ च्या बातम्यांची वेळ इथे कामी येते. दहाच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक कमी झाला, तसा त्याच्या मागून लागणाऱ्या स्थानिक बातम्यांचाही कमी झाला. त्या बातम्यांच्या जाहिराती हेच स्थानिक केंद्रांचे मोठे उत्पन्न. देशभरच्या केंद्रांनी तक्रारींचा भडिमार केला, आणि जानेवारी २०१० मध्ये एनबीसीने हा प्रयोग गुंडाळत असल्याचे जाहीर केले. लेनोंना उशिराच्या वेळी परत नेण्याच्या खटपटीत, रात्रीच्या बातम्यांनंतर लागणाऱ्या 'द टुनाइट शो'चे सूत्रधार कॉनन ओब्रायन नेटवर्क सोडून गेले. एका तासाची चौकट स्वस्तात भरण्याचा हा निर्णय केंद्रांच्या बातम्यांपासून मध्यरात्रीच्या कार्यक्रमापर्यंत सगळ्यांना भोवला.

आणि कधी फळाच रिकामा राहतो. २०२३ मध्ये २ मेपासून पटकथालेखकांनी आणि १४ जुलैपासून कलाकारांनी संप पुकारला. दोन्ही संप मिटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. त्या शरदात नेटवर्कांनी स्पर्धा, खेळ आणि पुनःप्रक्षेपणांवर वेळ काढली, आणि सीबीएसने केबलवर आधीच येऊन गेलेली 'यलोस्टोन' मालिका आपल्या प्रेक्षकांना दाखवली. मालिकांचा खरा हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ लागला. लेखकाच्या टेबलापासून सुरू होणारी साखळी किती लांब आहे, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

आपल्याकडे असा हंगाम नाही. आपल्या मालिका आठवड्याचे पाच, सहा किंवा सातही दिवस, वर्षभर चालतात, त्यामुळे दर सप्टेंबरला संपूर्ण फळा पुसून मांडायची वेळ येत नाही. पण लीड-इनचे तत्त्व आपल्यालाही लागू आहे. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर रात्री नऊला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि त्याच रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. पहिल्या कार्यक्रमाने वाहिनीवर आणून बसवलेला देश दुसऱ्या कार्यक्रमाने वर्षानुवर्षे तिथे बसवून ठेवला.

आता अडचण अशी आहे की रिमोट न उचलणारा तो माणूसच बदलला आहे. नील्सनच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एकूण टीव्ही पाहण्यात स्ट्रीमिंगचा वाटा ४४.८ टक्के झाला आणि केबल व नेटवर्क या दोघांच्या बेरजेला त्याने पहिल्यांदा मागे टाकले. मालिका दुसऱ्या दिवशी हुलू, पीकॉक किंवा पॅरामाउंट प्लसवर मिळते, मग नऊ वाजता कोण बसणार? खुद्द नेटवर्केही आता एका रात्रीच्या आकड्यावर निवाडा करत नाहीत, पुढच्या अनेक दिवसांत पाहणाऱ्यांनाही मोजतात. तरी फळा उतरवलेला नाही. कारण सामने, बातम्या आणि स्थानिक केंद्रे अजून घड्याळावर चालतात, आणि ओळखीच्या मालिकेच्या शेजारी बसवल्याशिवाय नव्या मालिकेची ओळख कशी करून द्यायची, याचे याहून बरे उत्तर अजून कोणाला सापडलेले नाही.

सीबीएसचा २०२४ चा शरद घ्या. 'यंग शेल्डन' मेमध्ये संपली होती. तिच्याच दोन पात्रांची 'जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज' ही नवी मालिका गुरुवारी तिच्याच आठच्या जागी बसवली, साडेआठला जम बसलेली 'घोस्ट्स' ठेवली आणि नऊ वाजता कॅथी बेट्स यांची नवी 'मॅटलॉक'. तिचा पहिला भाग मात्र गुरुवारची वाट न पाहता आधीच, फुटबॉलच्या एका रविवारी रात्री दाखवून टाकला, म्हणजे सामन्यासाठी जमलेल्या गर्दीच्या नजरेस ती पडावी. तो रविवार २२ सप्टेंबरचा होता.